लिटल इंडियातला रविवार आणि साडेदहाचा कायदा

सिंगापूरमध्ये रात्री साडेदहा ते सकाळी सात या वेळेत रस्त्यावर, बागेत किंवा सरकारने बांधलेल्या राहत्या इमारतींच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत दारू पिणं हा गुन्हा आहे. त्यासाठी भांडण करावं लागत नाही की कोणाला त्रास द्यावा लागत नाही. माणूस सार्वजनिक जागी पितोय, एवढं पुरतं. हा कायदा तिथल्या संसदेने ३० जानेवारी २०१५ रोजी मंजूर केला आणि १ एप्रिल २०१५ पासून तो लागू झाला. त्याच्या चर्चेत ज्या घटनेचा उल्लेख सतत होत होता ती ८ डिसेंबर २०१३ च्या रविवारची, लिटल इंडिया भागातली दंगल. तिची ठिणगी ठरलेला अपघात झाला रात्री ९ वाजून २३ मिनिटांच्या सुमाराला. म्हणजे हा साडेदहाचा नियम त्या दिवशी अस्तित्वात असता, तरी अपघाताच्या वेळी तो लागू व्हायला तासाहून जास्त अवकाश होता.

या तासाभराच्या फरकामुळे हे प्रकरण बारकाईने पाहण्यासारखं आहे. सार्वजनिक जागी कोणी दारू पीत असेल आणि अजून काही घडलेलं नसेल, तर पोलिसांनी मध्ये पडावं का? आपल्याकडे पोलीस याला प्रतिबंधात्मक कारवाई म्हणतात, आणि आपण बहुतेक जण ती आपल्यावर होत नाही तोवर तिचं स्वागत करतो. माझं उत्तर ‘पडावं’ असं आहे. पण लिटल इंडियाच्या कागदपत्रांत जितकं खोल जावं तितकं दिसत जातं की त्या रात्री ज्याच्यासाठी मध्ये पडायला हवं होतं तो माणूस वेगळा होता, आणि नंतर कायद्याने ज्यांना अडवलं ते वेगळे.

त्या संध्याकाळी काय झालं

लिटल इंडिया म्हणजे सेरंगून रोडच्या दोन्ही बाजूंचा भाग. टेक्का मार्केट, वीरमाकाळियम्मनचं देऊळ, मुस्तफाचं दुकान, फुलांच्या आणि सोन्याच्या पेढ्या. सिंगापुरातली मराठी कुटुंबंही गणपतीचं सामान आणि महिन्याचा किराणा घ्यायला इथेच येतात. पण रविवारी हा भाग प्रामुख्याने बांधकाम आणि जहाजबांधणीतल्या मजुरांचा असतो. तामिळनाडू, आंध्र आणि बांगलादेशातून आलेले हे पुरुष शहराच्या पश्चिम टोकाला, जुरोंग आणि तुआसकडच्या कामगार वसाहतींत राहतात. एका खोलीत बारा किंवा त्याहून जास्त जण, वर-खाली पलंग. आठवड्याला एकच सुट्टी. त्या दिवशी ते खाजगी बसने लिटल इंडियात येतात, घरी पैसे पाठवतात, गावाकडच्या माणसांना भेटतात, देवळात जातात, भाजीपाला घेतात, आणि त्यांतले काही गवतावर बसून दारू पितात. बसायला दुसरी जागा नाही. परवाना असलेल्या हॉटेलात तीच बाटली कितीतरी महाग पडते.

८ डिसेंबरला पावसाची रिपरिप होती. रेस कोर्स रोड आणि हॅम्पशायर रोड मिळतात त्याच्या जवळ वसाहतींकडे परतणाऱ्या बस लागत. तामिळनाडूचा ३३ वर्षांचा एक बांधकाम मजूर अशाच एका बसमध्ये चढला. तो खूप प्यायलेला होता. नंतरच्या तपासणीत त्याच्या १०० मिलिलिटर रक्तात २१७ मिलिग्रॅम अल्कोहोल निघालं. सिंगापूरमध्ये वाहन चालवण्यासाठी ही मर्यादा ८० मिलिग्रॅम आहे, भारतात ३०. बसमध्ये त्याने गैरवर्तन केलं, गर्दीही होती, म्हणून प्रवाशांची नोंद ठेवणाऱ्या बाईंनी त्याला उतरायला सांगितलं. तो फारशी खळखळ न करता उतरला. बस हलली तसा तो तिच्या कडेने, तिला हात लावत चालत राहिला. वळणावर त्याचा तोल गेला आणि तो डाव्या बाजूच्या मागच्या चाकाखाली आला.

गर्दी जमली. कोणीतरी म्हणालं, त्या बाईंनी त्याला ढकललं. पोलीस आणि रुग्णवाहिका काही मिनिटांत आल्या. पण आल्यावर जे दिसलं त्याचा लोकांनी उलटा अर्थ लावला. डॉक्टरी पथकाने चाकाखालचा माणूस मृत असल्याचं ठरवलं होतं, आणि जमावाच्या हाती सापडू शकणाऱ्या चालकाला आणि त्या बाईंना वाचवणं हे पथकापुढचं तातडीचं काम झालं होतं. जमावाला दिसलं ते असं की आपला माणूस बसखाली पडलाय आणि सरकारी लोक मारणाऱ्यांनाच सांभाळतायत. बाटल्या, दगड, नाल्यांवरची झाकणं, जे हाताला लागेल ते उडायला लागलं. सुमारे ३०० जण प्रत्यक्ष हिंसेत होते. पोलिसांच्या गाड्या उलटवल्या गेल्या, पाच वाहनं जळाली, त्यांत रुग्णवाहिका होती. अग्निशमन दलाचे आणि पोलिसांचे मिळून सुमारे पन्नास जण जखमी झाले. चित्रफितींत एक-दोन मजूर जमावाला हात जोडून, आडवे होऊन आवरताना दिसतात, तेही सांगायला हवं. दंगलविरोधी तुकडी पोचेपर्यंत साडेदहा वाजून गेले होते. त्यानंतर तासाभरात सगळं शांत झालं. पोलिसांनी एकही गोळी झाडली नाही.

सिंगापूरने १९६९ नंतर असं काही पाहिलं नव्हतं. २५ जणांवर खटले भरले गेले आणि ५७ जणांना मायदेशी परत पाठवण्यात आलं.

चौकशीने काय सांगितलं

सरकारने माजी न्यायमूर्ती जी. पन्नीर सेल्वम यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तिच्या खुल्या सुनावण्या झाल्या, जूनअखेर अहवाल आला. चालकाचा किंवा नोंद ठेवणाऱ्या बाईंचा दोष नव्हता, असं समितीला आढळलं. पगार, राहणीमान, मालकांची वागणूक यांवरच्या रागातून दंगल उसळली हा काही संघटनांचा तर्क समितीने मान्य केला नाही. तिच्या मते मुळाशी गैरसमज होता, अपघाताबद्दलचा आणि बचावकार्याबद्दलचा. त्यात दारूने भर घातली, विवेक सुटला. आणि सुरुवातीला रस्त्यावर उतरलेले पोलीस फार थोडे होते, त्यांच्यात आपसात संपर्क नीट नव्हता, दंगलविरोधी तुकडी मागवण्याच्या परवानग्यांत वेळ गेला.

दारूचा वाटा समितीने मान्य केला, पण उपाय सुचवताना ती सावध होती. जिथे गर्दी आणि दारू एकत्र येतात अशा ठरावीक जागी निर्बंध घालावेत, असा तिचा रोख होता. बसच्या थांब्यांची नीट व्यवस्था, पुरेसे दिवे, वसाहतींजवळ करमणुकीची सोय, आणि पोलिसांना लवकर कुमक मिळेल अशी यंत्रणा, यावरही तिने भरपूर लिहिलं. सुनावणीत पोलीस आयुक्त इंग जू ही यांनी एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली: मला लिटल इंडियापेक्षा गेलांगची जास्त काळजी वाटते, आणि मला हजार माणसं कमी आहेत. गेलांग म्हणजे रात्री जागणारा, वेश्यावस्तीचा आणि जुगाराचा भाग. ज्या अधिकाऱ्याच्या हद्दीत दंगल झाली त्यानेच धोका दुसरीकडे जास्त असल्याचं आणि कमतरता मनुष्यबळाची असल्याचं शपथेवर सांगणं, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत उपयोगी वाक्य वाटतं.

पण कायदा चौकशीसाठी थांबला नव्हता. दंगलीनंतरच्या पहिल्याच शनिवार-रविवारी लिटल इंडियात दारूची विक्री आणि सार्वजनिक सेवन दोन्ही बंद केलं गेलं. मग फेब्रुवारी २०१४ मध्ये, म्हणजे समितीची चौकशी अजून पूर्ण व्हायची असताना, संसदेने फक्त त्या भागासाठी एक वर्षाचा तात्पुरता कायदा केला. त्याने पोलिसांना तिथे येणाऱ्यांची झडती घेण्याचे, दारू जप्त करण्याचे आणि एखाद्याला त्या भागात पाऊल ठेवायला मनाई करण्याचे अधिकार दिले. आपल्याकडच्या तडीपारीसारखंच हे, फक्त त्यासाठी माणसाची आधीची गुन्हेगारी दाखवावी लागत नव्हती.

साडेदहाचा कायदा

२०१५ चा कायदा गृहखात्याचे दुसरे मंत्री एस. ईश्वरन यांनी मांडला. त्याची पूर्वतयारी दंगलीच्या आधीच सुरू झाली होती, हे नमूद करणं न्यायाचं आहे. ‘क्लार्क की’ नावाच्या भागातल्या रीड ब्रिजवर तरुण मुलं जवळच्या दुकानातून बाटल्या आणून रात्रभर बसत, शेजारच्या रहिवाशांच्या तक्रारी येत. दारूशी जोडलेल्या मारामाऱ्या बहुतांशी रात्री साडेदहानंतर होतात, असा सरकारचा मुद्दा होता. म्हणून संपूर्ण बेटावर साडेदहा ते सात बंदी आली. दुकानांतून बाटली घरी न्यायलाही त्या वेळेत मिळेनाशी झाली. घरात, परवाना असलेल्या बारमध्ये, हॉटेलात पिता येतं. बागेत रात्री मित्रांबरोबर काही करायचं तर परवानगी काढावी लागते. नियम मोडला तर १,००० सिंगापूर डॉलरपर्यंत दंड, पुन्हा मोडला तर २,००० डॉलरपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद.

याखेरीज गेलांग आणि लिटल इंडिया हे दोन भाग ‘दारू नियंत्रण क्षेत्र’ ठरले. तिथे शनिवारी सकाळी सातपासून सोमवारी सकाळी सातपर्यंत सार्वजनिक जागी दारू पिता येत नाही, सार्वजनिक सुट्टीला आणि तिच्या आदल्या संध्याकाळीही नाही. काही गुन्ह्यांसाठीची शिक्षा या क्षेत्रात दीडपट आहे. पोलीस अधिकारी बाटली रिकामी करायला आणि तिथून निघून जायला सांगू शकतो.

आता हा कायदा त्या रविवारच्या संध्याकाळवर ठेवून बघा. बेटभर लागू असलेला साडेदहाचा नियम अपघाताला आणि दंगलीच्या पहिल्या तासाला लागूच पडत नाही. क्षेत्राचा नियम पडतो, कारण तो दिवसभराचा आहे. पण तोसुद्धा काय थांबवतो? गवतावर बसून पिणं. तो मजूर परवाना असलेल्या खाणावळीत बसून तितकाच झिंगला असता तर कायद्याच्या दृष्टीने सगळं सुरळीत होतं, आणि तो त्याच बसमधून उतरून त्याच वळणावर गेला असता. कायदा माणूस कुठे पितो ते पाहतो, तो कोणत्या अवस्थेत आहे ते पाहत नाही. या कायद्यात नशेत स्वतःला सांभाळू न शकणाऱ्या माणसाबद्दलही एक कलम आहे. पण तेसुद्धा त्याला गुन्हेगार ठरवून दंड किंवा कैद देतं.

आणि बसमध्ये तो होता तेव्हाचे ते क्षण पुन्हा पाहा. त्या संध्याकाळी सगळ्या लिटल इंडियात कोणाच्या तरी मध्ये पडण्याची खरी गरज असेल तर ती त्या माणसाला होती. त्याने दुसऱ्याचं काही वाईट केलेलं नव्हतं. तो स्वतःला सांभाळू शकत नव्हता, त्याला पावसात, चालत्या बसच्या कडेला, अंधारात सोडून दिलं गेलं. त्याला उतरवणाऱ्या बाई पोलीस नव्हत्या. त्यांचं काम नोंद ठेवण्याचं, रात्रीच्या गर्दीत त्यांनी बाकीच्या प्रवाशांचा विचार केला. पण त्या थांब्यावर दोन पोलीस असते, त्यांनी त्याचा दंड धरून त्याला कडेला बसवलं असतं, पाणी दिलं असतं, त्याच्या गावच्या कोणाला तरी बोलावून पुढच्या बसमध्ये बसवलं असतं, तर हा गुन्हा घडण्याआधीचा हस्तक्षेप अक्षरशः दहा मिनिटांचा होता. त्यासाठी एकही नवं कलम लागत नव्हतं. माणसं लागत होती, आणि आयुक्तांनी नेमकं तेच सांगितलं होतं.

या मुद्द्यावर मी अडून बसतो, कारण दारूच्या प्रतिबंधात्मक कारवाईची सगळी चर्चा ‘हा पुढे काय करेल’ याभोवती फिरते. ‘याला पुढे काय होईल’ हा प्रश्न फार क्वचित विचारला जातो. रस्त्यावर तर्र होऊन पडलेला माणूस रेल्वेरुळावर, विहिरीत, गाडीखाली, थंडीत जाण्याची शक्यता कोणाला मारण्यापेक्षा बहुतेक वेळा जास्त असते.

कोणावर भार पडला

कायद्याच्या बाजूने जे बोलतात त्यांचं म्हणणं हलकं नाही. लिटल इंडियाच्या इमारतींतले रहिवासी वर्षानुवर्षं तक्रार करत होते: जिन्यात ओकाऱ्या, लिफ्टजवळ लघवी, खेळाच्या मैदानात झोपलेली माणसं, मुलींना संध्याकाळी खाली जाताना भीती. हे सहन करायला त्यांनाच का सांगायचं? आणि गस्तीवरचा पोलीस? तीसजणांच्या टोळक्याजवळ तो जातो तेव्हा त्याच्याकडे ‘आवाज कमी करा’ म्हणण्यापलीकडे काही नसेल, तर त्याची पंचाईत होते. भांडण सुरू झाल्यावर तो एकटा असतो. आधी बाटल्या रिकाम्या करवल्या तर रात्र सोपी जाते, हे कोणीही ठाण्यात काम केलेला माणूस सांगेल. २०१५ नंतर लिटल इंडियात तशी दंगल पुन्हा झाली नाही, हेही खरं. पण त्याच काळात बसचे थांबे सुधारले, दिवे आणि कॅमेरे वाढले, वसाहतींजवळ करमणूक केंद्रं झाली, १,००० किंवा त्याहून जास्त खाटांच्या वसाहतींना २०१६ पासून परवाना सक्तीचा झाला. शांततेचं श्रेय यातल्या कशाला किती, हे एकट्या दारूबंदीच्या नावावर लिहून टाकता येत नाही.

आणि भार मात्र सारखा वाटला गेला नाही. फ्लॅट असलेला सिंगापूरकर साडेदहानंतर स्वतःच्या दिवाणखान्यात पितो. बँकेत काम करणारा परदेशी माणूस क्लार्क कीच्या बारमध्ये पितो. ज्याला दिवाणखाना नाही आणि बारचे पैसे नाहीत, त्याच्यासाठी सार्वजनिक जागा हीच बैठक होती. कायद्याच्या कलमांत कुठेही ‘मजूर’ हा शब्द नाही. पण कायदा रविवारी आणि लिटल इंडियात सर्वांत कडक असेल, तर तो कोणाच्या सुट्टीवर बसतो हे सांगायला नकाशा पुरतो. सिंगापुरातल्या स्थलांतरित कामगारांच्या संघटनांनी हाच आक्षेप घेतला होता. मला तो पटतो. तीनशेजणांनी दगड उचलले, आणि त्या दिवशी तिथे असलेले हजारो जण, जे फक्त जेवले, बोलले, परत गेले, तेही पुढे दर आठवड्याला संशयित ठरले.

इंग्लंडने घेतलेला आणि सोडलेला रस्ता

पिणं गुन्हा न ठरवता पोलिसांना मध्ये पडू देणं शक्य आहे. इंग्लंडने २००१ च्या फौजदारी न्याय आणि पोलीस कायद्याच्या बाराव्या कलमात ते केलं होतं. नगरपालिकेने नेमून दिलेल्या जागी पिणं हा गुन्हा नव्हता. पोलिसाने ‘इथे पिऊ नका, बाटली द्या’ म्हटलं आणि तरीही माणसाने कारण नसताना नकार दिला, तर तो नकार गुन्हा. इथे माणसाला एक संधी आधी मिळते. दिवसा बागेत दोन म्हातारे शांतपणे बसले असतील तर पोलीस पुढे जातो. टोळकं गरम होत असेल तर थांबतो. निर्णय त्या जागी, त्या क्षणी, वागणं पाहून होतो. २०१४ च्या कायद्याने ही रचना बदलली, पण गाभा बराचसा तोच ठेवला.

त्याच देशाने पुढे एक पाऊल जास्तही टाकलं. २००६ च्या कायद्यातल्या सत्ताविसाव्या कलमाने पोलिसाला, दारूमुळे गोंधळ होईल असं वाटल्यास, कोणालाही अठ्ठेचाळीस तासांपर्यंत एखाद्या भागातून निघून जायला सांगता येऊ लागलं. नोव्हेंबर २००८ मध्ये मँचेस्टरजवळ अर्लम इथल्या एका पबमध्ये बसलेल्या स्टोक सिटीच्या फुटबॉल समर्थकांवर ते वापरलं गेलं. सामना पाहायला आलेल्या या लोकांना, कोणी काही केलेलं नसताना, बसमध्ये भरून थेट स्टोकला परत पाठवलं. समर्थकांनी दाद मागितली, आणि पोलिसांना माफी मागून भरपाई द्यावी लागली. दोन्ही कलमांचा हेतू जवळपास तोच, पण एका बाजूला हातातली बाटली आणि दुसऱ्या बाजूला सबंध गर्दीची ओळख. पहिल्यात पोलिसाने माणसाकडे पाहिलं होतं, दुसऱ्यात त्याने कोणत्या संघाचा शर्ट आहे ते पाहिलं. आणि त्या समर्थकांना दाद मागता आली, कारण ते त्या देशाचे नागरिक होते. लिटल इंडियातल्या मजुराचा कामाचा परवाना मालकाच्या हातात असतो. पोलिसाने चुकीने अडवलं तर तो भांडणार कोणाकडे? म्हणून ज्या गर्दीत परवान्यावर राहणारी माणसं आहेत, तिथे पोलिसांना मिळणारा प्रत्येक आगाऊ अधिकार कागदावर दिसतो त्याहून मोठा असतो.

आपल्या किनाऱ्यांवर

आपल्याकडे पोलिसांना अधिकारांची कमतरता नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६८, म्हणजे आधीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं १४९, दखलपात्र गुन्हा टाळण्यासाठी पोलिसाला मध्ये पडू देतं. कलम १७० खाली तो गुन्ह्याचा बेत कळल्यास, दुसरा मार्ग नसेल तर, अटकही करू शकतो, पण साधारणपणे चोवीस तासांपर्यंतच. नशेत सार्वजनिक जागी त्रास देण्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३५५ आहे. त्यात चोवीस तासांपर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा समाजसेवा. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ५१० मध्ये दंड दहा रुपये होता. महाराष्ट्रात याखेरीज १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, जो आजही पिणाऱ्याकडे परवाना मागतो. पावसाळ्यात भुशी धरण आणि आसपासच्या धबधब्यांवर जिल्हा प्रशासन जे मनाई आदेश काढतं, त्यात दारूचा उल्लेख असतो. गोव्याने २०१९ मध्ये पर्यटनस्थळांच्या कायद्यात दुरुस्ती करून किनाऱ्यावर दारू पिण्याला एकट्याला २,००० आणि गटाला १०,००० रुपये दंड ठेवला.

या सगळ्यांत भुशी धरणाचा आदेश मला सर्वांत समर्थनीय वाटतो. तिथे बंदीचं कारण वाहतं पाणी आणि शेवाळलेला दगड आहे. मोटारीतून आलेला मोठा माणूस असो की एस.टी.ने आलेली कॉलेजची पोरं, पाण्याला फरक पडत नाही, आणि आदेशालाही पडू नये. गोव्याच्या किनाऱ्यावर मात्र काळजी वाटते. शॅकच्या टेबलावर बसून पिणारा आणि शॅकपासून वीस पावलांवर वाळूत बसून दुकानातली बाटली पिणारा, यांच्यातला फरक नशेचा नाही, बिलाचा आहे. फुटलेल्या काचा आणि कचरा ही खरी तक्रार आहे, आणि तिच्यासाठी दंड रास्त आहे. पण पोलीस वाळूवर गस्त घालताना ट्रॅव्हल्सच्या बसने आलेल्या गटालाच हेरत असतील, तर ते लिटल इंडियाचंच दुसरं रूप होईल.

गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून ‘दृष्टी’ या खाजगी संस्थेचे जीवरक्षक आहेत. झिंगलेल्या माणसाला पाण्यात जाऊ नको म्हणून सांगणं हे त्यांच्या रोजच्या कामात येतं. कोणताही गुन्हा होण्याआधी, कोणालाही गुन्हेगार न ठरवता केलेला हा हस्तक्षेप आहे. पण त्यांच्याकडे पोलिसी अधिकार नाहीत. माणूस ऐकत नसेल, शिवीगाळ करून लाटांकडे निघाला असेल, तर त्याला धरून ठेवता येत नाही. किनाऱ्यावरच्या पोलिसाने तिथे यायला हवं. त्याला त्या एका माणसाला दोन-चार तास पाण्यापासून लांब, सावलीत, सोबतच्या माणसाच्या देखरेखीखाली ठेवण्याचा स्पष्ट अधिकार हवा. दंडाच्या पावतीशिवाय, ठाण्याच्या रोजनाम्यात वेळ आणि कारण लिहून, आणि शुद्धीवर आल्यावर त्याला त्याचा फोन व पाकीट परत देऊन. हाच अधिकार धरणाच्या काठाला, रेल्वे फलाटाला आणि रात्रीच्या बसथांब्यालाही हवा.